चहा सांडल्यावर अक्षरं का रुसतात?

लॅपटॉपवर चहा सांडतो. घाईघाईनं पुसला जातो. दुसऱ्या दिवशी पाहावं तर पाच-सहा बटणं मुकी! तीही एकमेकांच्या शेजारची नव्हेत. एक इकडे, एक पार तिकडे. चहा तर एकाच कोपऱ्यात सांडला होता. मग लांबची बटणं का रुसली?

चला, बटणाच्या खाली उतरू. वरची टोपी, तिच्याखाली एकमेकांत अडकवलेले दोन इवले प्लास्टिकचे तुकडे, मधोमध रबराचा छोटा फुगवटा. बोट उचललं की बटण टुणकन वर येतं, ते या रबरामुळे. त्याच्याखाली बहुतेक लॅपटॉपमध्ये प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीज वाहून नेणाऱ्या शाईनं बारीक रेघा छापलेल्या. या शाईत बऱ्याचदा चक्क चांदीचे कण असतात! मधल्या पापुद्र्याला प्रत्येक बटणाखाली एक भोक. बटण दाबलं की वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते आणि अक्षर उमटतं.

आता गंमत पाहा. बटणं साधारण 80, पण प्रत्येकाला स्वतंत्र रेघ नसते. समजा 8 रेघा आडव्या आणि 16 उभ्या आहेत. 8 गुणिले 16 म्हणजे 128 जोड्या, आणि एका बटणाला एक आडवी-उभी जोडी पुरते. म्हणजे 24 रेघांत सगळा कीबोर्ड आटोपला! वर्गात बाई हजेरी घेतात तशी एक चिप एकेका रेघेला सारखी विचारत असते, ‘तुझ्यावरचं कुणी दाबलंय का?’ चहानं एखादी रेघ कुरतडली, की तिच्यावरची सगळी बटणं एकदम गैरहजर. रेघा वळणं घेत कुठूनही कुठे जातात, म्हणून रुसलेली अक्षरंही विखुरलेली दिसतात.

पण चहा रेघ कुरतडतो कसा? अगदी शुद्ध पाण्यातून वीज जेमतेमच वाहते. नळाच्या पाण्यात, म्हणून चहातही, मात्र क्षार असतात, ते विजेला वाट देतात. लिंबू-सरबत आणखी वाईट, कारण त्यात मीठही असतं आणि आम्लही. साखर वीज वाहून नेत नाही, पण वाळली की बटणं चिकटवून टाकते. ओल आणि वीज एकत्र आली, की एका रेघेतली चांदी विरघळून दुसरीकडे सरकू लागते आणि मध्येच धातूचे बारीक तंतू वाढतात. नको तिथे रेघा जोडल्या जातात!

म्हणून पुसण्याआधी वीज तोडायची. लगेच मोठ्यांना हाक मारा. चार्जरचं बटण भिंतीवरूनच बंद करायचं. मग लॅपटॉपचं पॉवरचं बटण तो पूर्ण बंद होईपर्यंत दाबून धरायचं. फाइल सेव्ह करत बसू नका! वर दिसणारं पाणी कापडानं टिपायचं, घासायचं नाही. तांदळाच्या डब्यात ठेवून आतली ओल जात नाही, उलट पिठूळ धूळ आत शिरते. हेअर ड्रायरच्या गरम हवेनं प्लास्टिक वाकडं होऊ शकतं.

बंद लॅपटॉपमध्येही बॅटरी जोडलेलीच असते, म्हणून दुरुस्ती करणारे दादा आधी ती सुटी करतात. गोड चहा सांडलेला असेल तर आतला भाग आधी शुद्ध पाण्यानं धुतात! कारण साखर पाण्यात विरघळते, अल्कोहोलमध्ये फारशी नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवतात. ते पाण्यात मिसळतं, त्याला सोबत घेऊन झटपट उडून जातं.

काही लॅपटॉप मात्र आधीच तयारीत असतात. थिंकपॅडच्या अनेक मॉडेलांत कीबोर्डखाली पन्हळी असतात आणि तळाला भोकं. सांडलेलं पाणी तिथून खाली गळून जातं. असा लॅपटॉप पालथा करायचा नाही, नाहीतर वाटेला लागलेलं पाणी उलटं आत शिरेल. तो बंद करून सरळच ठेवायचा. तुमच्या घरच्या लॅपटॉपला अशी भोकं आहेत का, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत आजच शोधा. तळाला दिसणारं प्रत्येक भोक पाण्यासाठी नसतं, बरीचशी हवेसाठी असतात.