कुंपणावाचून राहिलेले गाव

गावाचा इतिहास म्हटला की राजे, लढाया व शिलालेख डोळ्यांपुढे येतात. परंतु इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यात लॅक्स्टन नावाचे एक लहानसे पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील गाव आहे. त्याचा इतिहास नांगरटीत जपला गेला आहे.

मध्ययुगात मध्य इंग्लंडमधील कित्येक गावांची जमीन दोन-तीन विस्तीर्ण, कुंपण नसलेल्या शेतांत विभागलेली असे. प्रत्येक शेतात लांबट, अरुंद पट्टे पाडीत. एकाच कुटुंबाचे पट्टे सर्व शेतांत विखुरलेले असल्यामुळे सुपीक व नापीक जमीन सर्वांच्याच वाट्यास येई. तीन शेतांच्या गावी एका शेतात गहू, दुसऱ्यात वसंत ऋतूत पेरावयाचे पीक आणि तिसरे पडीक, अशी पाळी दरवर्षी फिरे. पडीक शेतात गावची गुरे चरत.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटच्या कायद्यांनी अशी शेते वाटून कुंपणे घालण्यात आली. उत्पन्न वाढले, पण अनेक गरिबांची चराई गेली. लॅक्स्टनची वेस्ट फील्ड, मिल फील्ड व साउथ फील्ड ही शेते मात्र टिकली. मार्क पिअर्सने १६३५ साली काढलेल्या गावच्या नकाशात हे जुने पट्टे आजही पाहावयास मिळतात. आता पट्टे कमी व मोठे झाले आहेत आणि पडीक शेतात चाऱ्याचे पीक घेतात.

कुंपण नाही, मग हद्द कोण राखतो? गावचे पंच! दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस ते गव्हाच्या शेतात फिरतात, खुंट्या ठोकून हद्दी दाखवितात आणि सामाईक गवताळ जागेत कोणी नांगर घातला आहे का, ते पाहतात. पुढे ‘कोर्ट लीट’ ही ग्रामसभा दंड ठरविते. अशा जुन्या न्यायसभांचे अधिकार १९७७ च्या कायद्याने काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनचा अपवाद करण्यात आला.

गावची जमीन १९५२ मध्ये सरकारच्या शेतकी खात्याने, १९८१ मध्ये क्राउन इस्टेटने व २०२० मध्ये थोर्स्बी इस्टेटने घेतली. मालक बदलले, पंचांची फेरी राहिली. नकाशा कपाटात जपता येतो. ही व्यवस्था मात्र, शेजाऱ्याने शेजाऱ्याचा नांगर पाहण्याचे आणि त्याने तो निर्णय मानण्याचे सोडले, की एका पिढीतच नाहीशी होईल.