पोटात जपलेलं कवटीचं हाड

"डोक्याचं हाड सध्या पोटात ठेवलंय," असं डॉक्टर सांगतात तेव्हा नातेवाइकांना वाटतं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. पण ते खरंच असतं.

पाय मुरगळला की सुजतो, कारण कातडी ताणली जाते. कवटी ताणली जात नाही. अपघातात मार लागून किंवा मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून मेंदू सुजला, की आतला दाब वाढतो, रक्त पोहोचेनासं होतं आणि सुजलेला भाग श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठावर रेटला जातो. औषधांनी दाब उतरला नाही, तर जागा करून देणं एवढाच मार्ग उरतो.

टाळूची कातडी बाजूला करून हाडाला भोकं पाडतात आणि ती करवतीने जोडतात. पूर्वी यासाठी तारेची करवत असे. ती लिओनार्दो गिगली या इटालियन प्रसूतितज्ज्ञाने बाळंतपणात अडलेल्या बाईचं कटीचं हाड कापायला बनवली होती! आता विजेवर चालणारं यंत्र वापरतात. तुकडा छोटा काढून भागत नाही. किमान 12 सेंटिमीटरचा लागतो. शिवाय हाडाखालचं चिवट आवरण, ड्युरा, उघडून सैल करावं लागतं, तेव्हा कुठे मेंदूला ऐसपैस होता येतं.

तुकडा परत बसवायला काही आठवडे, बऱ्याचदा काही महिने लागतात. तो अतिशीत फ्रीझरमध्ये ठेवता येतो, पण आपल्याकडे अनेक ठिकाणी रुग्णाच्याच पोटावर, कातडीखालच्या चरबीत ठेवतात. खर्च नाही, वीज जाण्याची धास्ती नाही, अदलाबदलीची भीती नाही.

जीव वाचतो, पण कसा वाचतो, हेही विचारायला हवं. डोक्याला मार लागून दाब आटोक्यात न आलेल्या 408 रुग्णांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत केवळ औषधोपचारांच्या गटातले 48.9 टक्के दगावले, शस्त्रक्रियेच्या गटातले 26.9 टक्के. मात्र भान हरपलेल्या अवस्थेत राहिलेले पहिल्या गटात 2.1 टक्के होते, दुसऱ्यात 8.5. सहीचा कागद पुढे करण्याआधी हे आकडे घरच्यांना त्यांच्या भाषेत, खुर्चीवर बसवून सांगितलेच पाहिजेत. रात्री दोन वाजता असले तरी.

पुढचे महिने त्या बाजूला मेंदूवर फक्त कातडी असते. म्हणून खाटेच्या डोक्याशी ठळक अक्षरांत पाटी लावतात: 'उजव्या बाजूला हाड नाही'. कूस बदलताना आधी ती वाचायची.