खरजेवरील औषधाच्या खर्चाविषयी खुलासा

भोर व वेल्हे भागांतील टंचाईग्रस्त वाड्यावस्त्यांवर पाणी, धान्य व चारा पोहोचविण्याच्या कामी ज्या व्यापारी बंधूंनी, जमीनदारांनी व इतर दानशूर गृहस्थांनी सढळ हाताने साह्य केले, त्यांपैकी काहींनी हिशेब पाहून पृच्छा केली आहे की, खरूज एका मुलाला, आणि मलमाच्या ट्यूबा मात्र घरातील साऱ्या माणसांच्या नावे, हा प्रकार काय? पृच्छा रास्त आहे. आम्ही वकिलीच्या धंद्यातले. आमचीही पहिली शंका हीच होती, आणि डॉक्टरांची उलटतपासणी घेतल्यावाचून आम्ही त्या बिलावर सही केली नाही. त्यातून जे निष्पन्न झाले ते दात्यांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य होय.

खरूज केवळ अस्वच्छतेने होते हा समज खरा नाही. ती एका अतिसूक्ष्म किड्यामुळे होते. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ कोरून तेथे अंडी घालते. प्रथमच लागण झालेल्या माणसास खाज सुटावयास चार ते सहा आठवडे लागतात, आणि सारे मर्म येथेच आहे. ज्या रात्री लेकरू खाजवून रडू लागते, त्या रात्री त्याची आई, त्याला कडेवर घेणारी आजी व त्याच्याच गोधडीत निजणारी भावंडे ह्यांच्या अंगी किडा बहुधा पोहोचलेला असतो. त्यांस खाज मात्र नसते. एकट्या मुलास मलम लावले तर ते बरे होते, व आईच्याच कुशीत त्यास पुन्हा लागण होते. मग लोक औषधाला खोटे ठरवितात. औषध खोटे नसते, आरोपींपैकी एकासच पकडलेले असते!

हे मलम पाच टक्के पर्मेथ्रिनचे. ते घरातील सर्वांनी एकाच रात्री, अंग कोरडे असताना, गळ्यापासून पायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत व नखांखालीही लावावे. आठ ते चौदा तासांनी धुवावे व आठवड्याने पुन्हा लावावे. तान्ह्या मुलांत पुरळ तळहात, तळपाय, डोके व चेहरा ह्यांवरही उठते, म्हणून त्यांस डोळे व तोंड टाळून डोक्यालाही मलम लावतात, आणि हात चोखू नयेत म्हणून हातांस फडके बांधतात. पाजण्यापूर्वी आईने स्तनांवरील मलम पुसून मागाहून पुन्हा लावावे. दोन महिन्यांच्या आतील बाळास सहसा हे मलम न देता डॉक्टरांच्या देखरेखीखाली गंधकाचे मलम देतात. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या १५ किलोहून कमी वजनाच्या मुलांस व गरोदर स्त्रियांस देत नाहीत. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने खाज दबते, किडा तसाच राहतो. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज टिकते. तेवढ्यावरून मलम पुनःपुन्हा चोपडू नये.

खरजेने कोण मरतो, असेही एका सद्गृहस्थांनी विचारले. खाजवून फुटलेल्या कातडीत जंतू शिरतात, फोड पिकतात, आणि त्यांतून काही मुलांच्या मूत्रपिंडांस सूज येते. सकाळी उठताना चेहरा सुजलेला व लघवी तांबूस, अशा मुलास त्याच दिवशी इस्पितळात नेले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेची गणना उपेक्षित रोगांत केली. फिजी बेटांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तेथे रुग्ण व त्यांच्या निकटवर्तीयांपुरतेच औषध दिले, तेथे वर्षभरात खरूज सुमारे निम्म्यावर आली; सरसकट साऱ्या वस्तीस आयव्हरमेक्टिन दिले, तेथे ती शेकडा ३२ वरून शेकडा २ च्या आत गेली. म्हणून जेथे घरोघर खरूज दिसते तेथे सारी वाडीच हाती घ्यावी, असे आमचे मत झाले आहे.

आता कपड्यांविषयी. ते उकळावेत असे पुस्तकांत लिहिलेले असते. पण आषाढात भाटघर व पानशेत भरत असताना ज्या मुलखात धुतलेले लुगडे चार दिवस वाळत नाही, त्याच मुलखातील वरच्या वाड्यांत वैशाखात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. तेथे उकळावयाचे कशात? सुदैवाने माणसाच्या अंगावाचून हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मेलनबी ह्या शास्त्रज्ञाने शेफील्ड येथे स्वयंसेवकांस रुग्णांच्या घोंगड्यांत निजवून पाहिले. लागण फार थोड्यांस झाली. रोग पसरतो तो मुख्यत्वे अंगास अंग लागून. तेव्हा गोधड्या, चादरी व अंगावरचे कपडे प्लास्टिकच्या पोत्यात आठवडाभर घट्ट बांधून ठेविले म्हणजे पुरते. पाण्याचा थेंब लागत नाही.

अडचण एवढीच की, घरातील गोधड्या बांधल्यावर तो आठवडा मुलांनी पांघरावे काय? ज्याच्या घरी दोनच गोधड्या, तो त्या बांधावयास धजत नाही. ह्यास्तव कापडाच्या व्यापाऱ्यांनी चादरी व लहान मुलांचे कपडे द्यावेत; ते एका वाडीचे काम झाले की धुऊन पुढच्या वाडीस देता येतील. जमीनदारांस विनंती ही की, आपल्या शेतावर मुक्कामास असलेल्या मजुरांस त्या दोन रात्री घरी जाऊ द्यावे व त्यांची मजुरी कापू नये. पुण्या-मुंबईस कामावर असलेला घरधनी जत्रेला किंवा सणाला गावी येतो, तेव्हाचीच तारीख आम्ही औषधासाठी धरीत आहोत. चादरी त्यापूर्वी हाती आल्या पाहिजेत.