वृद्धाश्रमाचा हिशेब

चवथीला गोव्यातील जुनी घरे पुन्हा उघडतात. मुंबई, पुणे, आखाती देश, लंडन अशी चहूकडे पांगलेली मुले परततात, माटोळी बांधली जाते, आणि आठवडाभरात राजांगणात पुन्हा दोनच वृद्ध जीव उरतात. निरोपापूर्वी भावंडांत हल्ली दबक्या आवाजात एक प्रश्न निघतो : आईला आता ठेवायचे कुठे? त्यामागोमाग दुसरा येतो : त्याला खर्च किती? पहिल्या प्रश्नावर आपल्या समाजाने भावनेच्या भरात पुष्कळ लिहिले आणि बोलले. दुसऱ्याकडे मात्र शांत चित्ताने पाहिलेले नाही, असे आम्हास वाटते.

हा प्रश्न चार घरांपुरता नाही. 2011 च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण देशात 8.6 टक्के, तर गोव्यात 11.2 टक्के होते. तेव्हापासून ते वाढतच गेले आहे.

वृद्धाश्रमाने महिन्याचा आकडा सांगितला की, 'दोन वेळच्या पेजेला एवढे पैसे?' असा उद्गार निघतो. परंतु खरा खर्च पेजेचा नव्हे, माणसाचा असतो. आठवड्याचे तास 168. एक सेविका आठवड्यात 48 तास काम करते. म्हणजे अहोरात्र एक माणूस जाग्यावर हवा, तर साडेतीन सेविका नेमाव्या लागतात. रजा आणि आजारपण निराळेच. प्रत्येकीस समजा 15,000 रुपये वेतन दिले, तर महिन्याला 52,500 रुपये झाले. एका वेळी तिने सहा हिंडत्या-फिरत्या वृद्धांकडे पाहिले, तर प्रत्येकाच्या वाट्यास 8,750 रुपये येतात. तेच वृद्ध अंथरुणाला खिळले आणि तिला तिघांचेच करणे शक्य झाले, तर वाटा 17,500 रुपयांवर जातो. यात जेवण, जागा, धुलाई, औषधे, डॉक्टर यांतले काहीच धरलेले नाही.

यावरून दोन गोष्टी ध्यानात याव्यात. प्रवेशाच्या दिवशीचा दर हा शेवटचा दर नसतो. प्रकृती ढासळेल तसा तो चढतो. म्हणूनच स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच घेऊ, असे अनेक संस्था आरंभीच बजावतात. दुसरी गोष्ट, जेथे दर फारच कमी असेल आणि मागे सरकार वा दाता उभा नसेल, तेथे उरलेली किंमत कोणीतरी चुकवीत असते : अपुऱ्या पगारावर राबणारी सेविका, किंवा रात्री हाक मारूनही ज्याच्याकडे कोणी येत नाही तो वृद्ध.

आता शासनाकडे पाहू. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून वृद्धांना दरमहा 2,000 रुपये मिळतात. घरी राहणाऱ्यास त्यांचा आधार होतो; वरच्या हिशेबात ते चौथा हिस्साही भरत नाहीत. आई-वडिलांच्या निर्वाहासंबंधीच्या 2007 च्या केंद्रीय कायद्याने मुलांकडून मिळवून द्यावयाच्या रकमेवर दरमहा 10,000 रुपयांची मर्यादा घातली. उलट, नोंदणीकृत धर्मादाय वृद्धाश्रमांना 2018 मध्ये जी जीएसटी माफी मिळाली, ती दरमहा 25,000 रुपयांपर्यंतच्या आकारणीस लागू आहे. सांभाळास इतका खर्च येऊ शकतो, हे कर आकारताना सरकारला उमगते. निर्वाहाची रक्कम ठरविताना का उमगू नये?

इस्पितळाच्या खर्चाची सोय पुष्कळ झाली. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, आणि 2024 पासून सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारतचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. पण मोडलेले खुब्याचे हाड सांधून वृद्ध घरी आला की पुढील महिन्यांची, कधी वर्षांची शुश्रूषा कोणत्याच योजनेत बसत नाही. खरा भार तेथेच पडतो.

पोर्तुगीज अमदानीत स्थापन झालेली प्रोव्हेदोरिया आजही निराधारांसाठी वृद्धाश्रम चालविते, ही आपली मोलाची परंपरा आहे. परंतु ज्याच्या नावावर जुने घर आहे आणि हाती रोकड नाही, जे घर साऱ्या वारसांच्या सह्यांवाचून विकताही येत नाही, तो मध्यमवर्गीय वृद्ध ना निराधार ठरतो ना ऐपतदार.

यास्तव आमचे सांगणे तीन ठिकाणी आहे. संस्थांनी आपला दर कलमवार जाहीर करावा : निवास, आहार, सेविका, औषधे, अनामत, आणि अंथरुणास खिळल्यावरची वाढ. रात्रीच्या पाळीस किती माणसे असतात, हेही सांगावे. सरकारने खिळलेल्या वृद्धांच्या सेविकांच्या वेतनाचा काही भाग उचलावा. केवळ इमारतींच्या कोनशिला बसवून हा प्रश्न सुटणार नाही. आणि कुटुंबांनी हा हिशेब आई-वडील धडधाकट असतानाच, त्यांना शेजारी बसवून करावा. ज्यांच्याविषयी बोलायचे, त्यांच्याच पाठीमागे कुजबुजणे थांबले पाहिजे.

आई-वडिलांच्या सांभाळाचा हिशेब मांडणे म्हणजे त्यांची किंमत करणे नव्हे. तो न मांडल्यामुळेच पुढे भावंडे दुरावतात आणि वृद्धांना आपण ओझे झालो असे वाटू लागते. येत्या चवथीला माटोळी उतरविण्यापूर्वी तासभर काढून हे बोलणे व्हावे, एवढेच आम्ही सुचवितो.