कळफलक, उंदीर आणि आपलं मनगट

कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की रॅम किती, प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड हवं की नको, यावर आपण मेसमध्ये ताटातली पोळी वाळेपर्यंत वाद घालतो. आणि ज्या दोन वस्तूंना दिवसभर हात लागतो, त्या कीबोर्ड आणि माऊसचं काय? "दे रे, जो असेल तो!" बिलाच्या शेवटी दुकानदार तो खोका पिशवीत टाकतो आणि विषय संपतो.

मीही या विषयात कधी डोकं घातलं नसतं. पण माढ्याला माझी चुलत बहीण तहसील कचेरीजवळ सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रीमीलेयर, सातबारा, पीक विमा, सगळं टायपिंग ताईच करते. दहावी-बारावीचे निकाल लागले की जून-जुलैत तिच्या काउंटरसमोर रांग असते. गेल्या वर्षी तिचं उजवं मनगट करंगळीच्या बाजूने दुखायला लागलं. डॉक्टरांनी तीन आठवडे हाताला विश्रांती सांगितली. आता ऐन सीझनमध्ये तीन आठवडे केंद्र बंद म्हणजे पुढच्या चार महिन्यांचं भाडं कुठून आणायचं? दाजींचा फोन आला, "इंजिनिअर, तुमच्या बहिणीसाठी चांगला वायरलेस सेट बघा. दोन हजारांच्या आत." हातासाठी औषध डॉक्टरांचं, पण सामान निवडायचं काम माझ्याकडे आलं.

आधी वायरलेसच का, हा प्रश्न. माझं स्पष्ट मत असं की टेबल एका जागी असेल आणि वायर आडवी येत नसेल, तर वायरवाला कीबोर्ड स्वस्त आणि बिनघोर. सेल नको, रिसीव्हर हरवायची भीती नको. ताईच्या काउंटरवर मात्र स्कॅनर, प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र, चहाचे ग्लास आणि गिऱ्हाइकांच्या कागदांच्या पिशव्या, त्यात दोन वायरी. वायर ओढली जाऊ नये म्हणून ती कीबोर्ड तिरका ठेवून टायपिंग करायची. मनगट करंगळीकडे वाकवून दिवसाला आठ तास! तिथे वायरलेसला अर्थ होता. हॉस्टेलमध्ये लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर चढवून समोर वेगळा कीबोर्ड ठेवणाऱ्यांनाही तो आहे.

आता मुख्य मुद्दा, आकार. बाजारात छोट्या, सुबक कीबोर्डांची फॅशन आहे. साध्या पूर्ण आकाराच्या कीबोर्डमध्ये एका कळीच्या मध्यापासून शेजारच्या कळीच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिमी अंतर असतं. छोट्या मॉडेलमध्ये जागा वाचवताना बहुतेक वेळा उजव्या टोकाच्या कळा बारीक करतात. इंग्रजीत तिथे कंस, अर्धविराम, अवतरणचिन्ह असली किरकोळ मंडळी राहतात, म्हणून कुणाला फरक पडत नाही. पण इन्स्क्रिप्टमध्ये मराठी टाइप करताना बघा. या मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला. एल अक्षराच्या शेजारच्या अर्धविरामावर च, त्याच्या पुढे ट, वरच्या ओळीत पी वर ज, चौकोनी कंसावर ड. शिफ्ट दाबलं की त्याच कळांवर छ, ठ, झ आणि ढ. सगळा भार उजव्या करंगळीवर!

आणि आमच्या भागातली गावांची नावं बघा. माढा आणि पंढरपूर या दोन्हींत ढ. मोडनिंबमध्ये ड. टेंभुर्णीची सुरुवातच ट ने. कुर्डुवाडीत तर दोन ड. ताई दिवसातून शेकडो वेळा हेच पत्ते टाइप करते. म्हणजे ज्या कळा कंपनीने बिनकामाच्या समजून बारीक केल्या, त्याच माढा तालुक्यात सर्वांत जास्त झिजतात. तिचा जुना कीबोर्ड मी उलटा करून झटकला (आमच्याकडची धूळ काय सांगावी!) तेव्हा ड ची कळ गुळगुळीत झालेली दिसली. त्यामुळे पहिली अट ठरली. उजव्या टोकाच्या कळा पूर्ण आकाराच्या हव्यात आणि दोन्ही शिफ्ट लांब हव्यात, कारण ढ साठी उजवी करंगळी कंसावर आणि डावी शिफ्टवर जाते.

जे जुन्या टाइपरायटरवर रेमिंग्टन पद्धतीने शिकले, त्यांची बोटं वेगळ्या जागा शोधतात. त्यांनी दुकानात जाऊन आपल्याच गावाचं नाव टाइप करून बघावं, दुसरी परीक्षा नको.

उजवीकडच्या आकड्यांच्या कळा हव्यात का? प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला बहुधा नकोत. त्या काढल्या की कीबोर्ड आठ-नऊ सेंटीमीटरने आखूड होतो आणि माऊस शरीराजवळ येतो, खांद्याला आराम मिळतो. पण ताईला १२ आकडी आधार क्रमांक, १० आकडी मोबाइल नंबर, गट नंबर हे सतत टाकावे लागतात. आकड्यांच्या कळा सोडता येत नव्हत्या, आणि त्या ठेवल्या तर माऊस लांब जात होता. मग उपाय काय? माऊस डाव्या हातात! त्यासाठी माऊस दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचा लागतो. उजव्या अंगठ्यासाठी खोबण असलेले देखणे माऊस इथे बाद झाले. सेटिंगमध्ये डावं-उजवं बटण बदललं की झालं.

माऊसची उंची आणि लांबी मात्र खोक्यावरून कळत नाही. हातात धरून बघा. तळवा त्यावर टेकला पाहिजे आणि बोटं न आकडता बटणांवर पोचली पाहिजेत. खिशात मावणारे चपटे माऊस प्रवासाला ठीक, दिवसभराच्या कामाला नाहीत. मोठ्या डीपीआयचे आकडे दाखवून पैसे घेणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा, दाखले भरायला हजार-बाराशे डीपीआय पुरतो.

कीबोर्डच्या मागचे ते दोन छोटे पाय आपण सगळे सवयीने उभे करतो. ते मिटवून ठेवा. मागची बाजू उचलली की मनगट वरच्या बाजूला मुडपतं आणि मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जाणाऱ्या नसेवर दाब वाढतो. अंगठा आणि शेजारच्या बोटांना रात्री मुंग्या येत असतील, तर कीबोर्ड शोधत बसू नका, डॉक्टर गाठा.

आता आपल्या ब्रँचचा भाग, म्हणजे रेडिओ. हे सेट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. भारतात २००५ साली कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा परवानामुक्त झाला. वायफाय, ब्लूटूथ सगळे तिथेच दाटीवाटीने राहतात, अगदी आपल्या हॉस्टेलसारखे. आणखी एक छुपा शेजारी म्हणजे यूएसबी ३.० चं पोर्ट. त्याच्या वेगवान डेटामुळे याच पट्ट्यात गोंगाट होतो, यावर इंटेलने २०१२ साली एक टिपण काढलं होतं. माऊस अडखळत असेल तर लगेच त्याला शिव्या देऊ नका. रिसीव्हर निळ्या पोर्टातून काढून जुन्या यूएसबी २.० मध्ये लावा. ताईचा सीपीयू पायाशी, आणि रिसीव्हर लोखंडी पेटीच्या मागे भिंतीकडे तोंड करून! वीतभर एक्स्टेंशन वायरने तो वर आणला.

ब्लूटूथवाला सेट घ्यायचा असेल तर एवढं ध्यानात ठेवा, बायोसमध्ये किंवा बूट मेनूमध्ये तो बहुतेक वेळा चालत नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टिम अजून जागीच झालेली नसते. वरचेवर लिनक्स टाकणाऱ्यांनी रिसीव्हरवालाच घ्यावा.

आणि सुरक्षितता. २०१६ साली बॅस्टिल नावाच्या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की काही स्वस्त वायरलेस कीबोर्ड दाबलेली प्रत्येक कळ उघडीच हवेत सोडतात, शेजारी बसून वाचता येते. लोकांचे आधार नंबर आणि स्वतःचे पासवर्ड टाइप करणाऱ्या माणसाला हे परवडणारं नाही. म्हणून खोक्यावर १२८ बिट एईएस एन्क्रिप्शन लिहिलेलं बघूनच घ्या. त्यासाठी दोन-तीनशे रुपये जास्त गेले तर जाऊ द्या.

शेवटी सोलापुरात तीन दुकानं फिरून पूर्ण आकाराचा कीबोर्ड आणि सारख्या बाजूंचा माऊस असा सेट मिळाला. एकच रिसीव्हर, बजेटच्या आत. पण खरं सांगू? निम्मा फरक फर्निचरमुळे पडला. टेबल पाऊण मीटर उंच आणि खुर्ची बुटकी, त्यामुळे कोपर टेबलाच्या खाली राहायचं. खुर्चीवर जाड उशी टाकली, पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली घरचा पाट ठेवला. कोपर टेबलाच्या पातळीवर आलं. डाव्या हाताने माऊस धरायला ताईला दोन आठवडे लागले, तोवर कर्सर स्क्रीनभर उंडारत होता आणि रांगेतले आजोबा हसत होते. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पण या जूनमध्ये केंद्र एक दिवसही बंद राहिलं नाही.

जाता जाता सेलबद्दल. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे आणि साधे अल्कलाइन १.५ व्होल्टचे, त्यामुळे चार्जवाले घातले की काही सेटमध्ये 'बॅटरी कमी'चा दिवा लवकर लागतो, घाबरू नका. रिसीव्हर काढलात तर माऊसच्या पोटातल्या खाचेत ठेवा. आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरी जाताना सेल काढून ठेवा. बंद खोलीच्या उन्हाळ्यात सेल पाझरला, तर जुलैत परत आल्यावर आतली पत्री हिरवी झालेली सापडेल.