देखणा, पण घरबुडव्या!

अंगभर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्या आणि मोराच्या पिसाऱ्यासारखे पसरलेले पर! हा लायनफिश पाहिला, की नजर हटत नाही. आपण त्याला सिंहमासा म्हणू. मूळचा तो हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतला. १९८५ साली मात्र तो अमेरिकेत, फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ दिसला. कुणीतरी हौसेने पाळलेले मासे समुद्रात सोडले असावेत, असे तज्ज्ञ मानतात. पुढे पंचवीसएक वर्षांत त्याने सगळा कॅरिबियन समुद्र व्यापला.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा माशाचे काय घेऊन बसलात? पण तिकडे तो चांगला दीड फुटापर्यंत वाढतो. मादी दर दोन-चार दिवसांनी अंडी घालते, वर्षाकाठी सुमारे वीस लाख! खादाडही तसाच. बहामा बेटांजवळच्या एका प्रयोगात, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, जिथे सिंहमासा होता तिथे पाच आठवड्यांत लहान माशांची नवी भर ७९ टक्क्यांनी घटली. तिथल्या माशांना हा शत्रू आहे हेच मुळी उमगत नाही.

शिवाय अंगावर अठरा विषारी काटे: पाठीवर तेरा, पोटाखाली दोन, शेपटीकडे तीन. काटा टोचला की असह्य कळा येतात. पण हे विष उष्णतेने निकामी होऊ लागते. म्हणून टोचलेला हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवतात. पाणी आधी दुसऱ्या हाताने पाहावे, नाहीतर भाजायचे! आणि डॉक्टरांना दाखवायचेच. बाजारातला शिंगाळा साफ करताना काटा लागला, तरी हाच उपाय लक्षात ठेवा.

गंमत म्हणजे, विष काट्यांत असते, मांसात नाही. त्यामुळे फ्लॉरिडात आता काटे कापून हा मासा चवीने खातात. त्याला पकडण्याच्या स्पर्धाही भरतात. तरीही तो समूळ जाईल अशी आशा नाही.

तेव्हा घरातल्या काचेच्या पेटीचा कंटाळा आला, मुलांची हौस फिटली, तरी मासे तळ्यात किंवा नदीत सोडू नका. ‘बिचाऱ्याला मोकळे केले’ असे वाटते खरे, पण आपल्याकडच्या पाण्यात पसरलेला सकर मासा असाच पेटीतून बाहेर पडलेला! दुकानदाराला परत द्या, नाहीतर दुसऱ्या हौशी घरी पाठवा.