गाडी रंगवायला टाकताना : वायदा खरा की खोटा?

गाडी पूर्ण रंगवायची म्हटली की आपण व्यापारी लोक गॅरेजवाल्याशी दरावर अर्धा तास घासाघीस करतो. शेवटी जाता जाता विचारतो, 'कधी देणार?' तो म्हणतो, 'शनिवारी घेऊन जा शेठ.' आपण मान डोलावून घरी येतो. खरे तर घासाघीस या दुसऱ्या प्रश्नावर व्हायला हवी. मालाची व्हॅन आठ दिवस जास्त अडकली तर भाड्याच्या टेम्पोवर जाणारा पैसा दरात सुटलेल्या पैशांना गिळून टाकतो.

येरवड्यात आळंदी रस्त्याच्या किंवा नगर रस्त्याच्या बाजूला चार ठिकाणी चौकशी करून पाहा. त्याच गाडीला एकजण चार दिवस सांगेल, दुसरा दहा, तिसरा पंचवीस. यातला खरा कोण, हे रंगकाम येत नसलेल्या माणसालाही ओळखता येते. काम किती दिवसांचे आहे हे विचारू नका. 'कोणत्या दिवशी काय करणार?' असे विचारा. ज्याने काम मनात मोजले आहे तो बोटांवर सांगतो. ज्याने मोजलेले नाही तो 'होऊन जाईल हो' म्हणतो.

हा हिशेब साधारण असा बसतो. पहिला दिवस बंपर, दिवे, हँडल, काचेचे रबर उतरवण्यात जातो. मग डेंटिंग. गाडी किती ठोकलेली आहे त्यावर एक दिवस किंवा चार दिवस. गंज निघाला तर पत्रा कापून जोड द्यावा लागतो आणि तो गंज रंग खरवडल्याशिवाय दिसत नाही. म्हणून गाडी न खरवडता पक्की तारीख देणारा माणूस अंदाजच देत असतो. त्यानंतर पुट्टी, घासणे, पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणे. मग प्रायमर, तो वाळला की पाणीपेपर, मास्किंग, रंगाचे हात, वर क्लिअर. शेवटी पॉलिश आणि उतरवलेले सामान परत बसवणे. रंग तोच ठेवायचा आणि गाडी धड असेल तर बूथ असलेल्या ठिकाणी सात ते दहा दिवस, उघड्या शेडमध्ये दहा ते पंधरा दिवस हा माझ्या मते रास्त वायदा आहे. एखादा दरवाजा किंवा मडगार्ड एवढेच असेल तर दोन-तीन दिवस पुरतात.

यात हात चालण्याचा वेळ थोडा आणि वाळण्याचा वेळ मोठा आहे. चार माणसे लावली तर घासकाम चौपट होते, पण वाळणे चौपट होत नाही. बूथमध्ये साधारण साठ अंश उष्णता देऊन क्लिअर अर्ध्या तासात वाळवता येतो. शेडमध्ये त्यालाच रात्रभर लागते. घाईत एका हातावर दुसरा हात मारला की खालचे थिनर अडकून बसते. गाडी नेताना आरशासारखी दिसते. महिना-दीड महिन्याने सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसू लागतात, पुट्टीच्या कडा वर येतात, घासल्याच्या रेघा उमटतात. तोपर्यंत पैसे देऊन झालेले असतात.

आम्हा कापडवाल्यांना हे नवीन नाही. इचलकरंजीचे कोरे कापड बालोत्र्याला रंगायला जाते. तिथूनही घाईचा माल आला की पहिल्या धुण्यात पाणी लाल होते. रंग चढायला जसा वेळ लागतो तसा बसायलाही लागतो.

पूर्वी मोटार रंगवणे हे आठवड्यांचे काम होते. ब्रशने व्हार्निशचे थर द्यायचे आणि प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहायची. अमेरिकेत १९२३ साली ड्यू पाँट कंपनीने 'ड्युको' हा लवकर वाळणारा रंग आणला आणि १९२४ च्या ओकलँड गाड्यांवर तो लागला, तेव्हा हे काम आठवड्यांवरून दिवसांवर आले. म्हणजे मुदत कमी झाली ती रसायनाने, कारागिराला घाई केल्याने नव्हे.

आता आपल्या पुण्याचे हवामान. जून ते सप्टेंबर हवेत ओल असते. ओल्या हवेत साधा रंग पांढुरका पडतो आणि हार्डनरवाल्या रंगात बुडबुडे धरतात. बूथ नसलेल्या माणसाने जुलैत मे महिन्यातलाच वायदा दिला तर त्याला विचारा, पाऊस लागला तर काय? त्याशिवाय पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद राहण्याचा प्रकार आहे. वीज नाही तर कॉम्प्रेसर नाही. शुक्रवारी दुपारचे दोन तास जातात ते वेगळे. दसऱ्याच्या आधी गाड्यांची रांग असते आणि ईदला गावी गेलेला पेंटर सांगितल्या दिवशी परततोच असे नाही. हे सर्व धरून दिलेली तारीख लांबची वाटली तरी तीच भरवशाची.

माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने घरच्या लग्नासाठी ऐन जुलैत चार दिवसांत पूर्ण गाडी रंगवून घेतली. लग्नाच्या फोटोत गाडी सुंदर दिसते. दिवाळीपर्यंत बॉनेटवर फोड आले. दुसऱ्यांदा रंगवताना आधीचा सगळा रंग उतरवावा लागला आणि मजुरी पहिल्यापेक्षा जास्त पडली.

वायदा तपासण्याचा आणखी एक सोपा मार्ग म्हणजे आवारात चक्कर मारणे. किती गाड्या उभ्या आहेत आणि पिचकारी धरणारे हात किती, ते पाहा. बारा गाड्या, एक पेंटर, आठवड्याला दोन गाड्या बाहेर पडतात, तर तुमचा नंबर सहा आठवड्यांनी, मग मालक काहीही म्हणो. प्रायमर मारलेल्या गाडीवर धूळ साचलेली दिसली तर सावध व्हा. प्रायमर पाणी पितो. त्यावर पाऊस पडला तर खाली गंज धरतो.

रंगच बदलायचा असेल तर दरवाज्यांच्या आतल्या कडा, डिकी, बॉनेटची आतली बाजू सगळे आले. तीन ते पाच दिवस वाढवून धरा. शिवाय रंग आर.सी.वर नोंदलेला असतो, तो बदलल्याची नोंद आर.टी.ओ.कडे करून घ्यावी लागते. त्या खेपा गॅरेजवाल्याच्या वायद्यात नसतात.

गॅरेज चालवणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंनाही दोन शब्द. खोटा वायदा बहुतेक वेळा लबाडीने दिला जात नाही. दहा दिवस सांगितले तर गिऱ्हाईक शेजारी जाईल ही भीती असते. पण चार दिवस सांगून चौदा दिवस फिरवलेले गिऱ्हाईक दुसऱ्या खेपेला येत नाही आणि इतर चौघांनाही येऊ देत नाही. टप्पे कागदावर लिहून द्या. आणि घाईच्या दिवसांत पोरांना नाकाला रुमाल बांधून हार्डनरचा रंग मारायला लावू नका. त्या वाफेने दम्याचा विकार जडतो, रुमालाने ती अडत नाही, ताज्या हवेचा मास्क लागतो.

पावतीवर तारीख, रंगाचा कोड आणि किती हात मारणार एवढे लिहून घ्या. पुढे वाद जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत गेलाच तर तोच कागद उपयोगी पडतो. ॲडव्हान्स एकदम देऊ नका. थोडा सुरुवातीला, थोडा प्रायमर स्वतः पाहिल्यावर, उरलेला गाडी ताब्यात घेताना. गाडी संध्याकाळी ट्यूबलाइटखाली घेऊ नका, सकाळच्या उन्हात घ्या आणि दरवाज्याचा रंग बंपरशी जुळतो का ते तिरके उभे राहून पाहा. घरी आणल्यावर महिनाभर मेण लावू नका. रंग वरून वाळला तरी आतून अजून वाळत असतो.